साक्ष

आमच्या महाड तालुक्याला पलटणीचं वेड जुनं. फौजी आंबवडे या गावाला तर नावच तसं पडलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून 111 जण गेले, त्यातले 6 परत आले नाहीत. आकडा दगडावर कोरलेला आहे. पण मेलेल्याच्या मागं घरात जी राहिली, तिचं नाव दगडावर येत नाही. ते कागदावर असावं लागतं. आणि कागदावरचं चुकलं, की मग साक्षीला माणूस शोधावा लागतो.

1977 साल असेल. दहावी देऊन मी घरी बसलो होतो आणि वाडीतले लोक अर्ज लिहायला माझ्याकडं येत. एक दिवस भावकीतली चुलती पत्र घेऊन आली. तिचा नवरा मराठा पलटणीतून इटलीला गेला आणि 1944 साली तिकडंच राहिला. त्या काळी शिपायानं वारस म्हणून घरातल्या एकाचं नाव द्यायचं. यानं बापाचं दिलं. म्हातारा होता तोवर पेन्शन म्हाताऱ्याला येई. म्हातारा गेला आणि पेन्शन बंद. चुलतीनं अर्ज केला, तर उत्तर आलं की नोंदीत बायकोचं नाव वेगळं आहे, सबब पुरावा द्यावा.

नोंदीत तिचं माहेरचं नाव होतं. आपल्याकडं लग्नात पोरीचं नावच बदलतात, हे बेळगावच्या रेकॉर्डाला कोण सांगणार? लग्नाचे बामण, करवले, सगळे जाऊन पोचलेले. जुन्या पत्रांची वाळवीनं माती केलेली.

राहिले एक हवालदार आबा. चुलत्याच्याच कंपनीत होते. मांडीत गोळीचा खड्डा, लंगडत चालायचे. लोक म्हणाले, "आबा, सांगून टाका लग्नाला होतो म्हणून. कोण बघतंय?" आबा म्हणाले, "नव्हतो. तेव्हा मी नाशकाला होतो. न बघितलेलं मी सांगायचा नाही." चुलतीचं तोंड उतरलं. मलाही म्हाताऱ्याचा राग आला. एका वाक्यानं बाईचं पोट भरणार होतं.

तरी आबा यष्टीनं महाडला आले. तहसीलदारांनी विचारलं, "ही त्याचीच बायको, हे तुम्हाला कशावरून माहीत?"

आबा म्हणाले, "साहेब, त्याला लिहिता येत नव्हतं. त्याची पत्रं मी लिहायचो. पत्ता बापाच्या नावाचा, मुक्काम तळीये, तालुका महाड, जिल्हा कुलाबा. शेवटची ओळ मात्र हिच्यासाठी, माहेरच्या नावानं. मी म्हटलं, घरात तर तिला दुसऱ्या नावानं हाक मारतात. तर म्हणाला, ते घरच्यांचं. माझं हेच."

"तो मेला तेव्हा तुम्ही जवळ होता?"

"नाही साहेब. मी दवाखान्यात होतो. ते मला विचारू नका."

चुलतीनं पदर तोंडाला लावला. तेहतीस वर्षांनी ते नाव तिच्या कानावर पडलं होतं, तेही कचेरीत, परक्या माणसांसमोर. तहसीलदारांनी लेखणी थांबवली, मग सगळं जसंच्या तसं उतरून घेतलं. बघितलं ते सांगणारा आणि न बघितलेलं नाकारणारा साक्षीदार त्यांना खरा वाटला असावा. वर्षभराच्या खेपांनंतर पेन्शन सुरू झाली. रक्कम थोडी होती, पण तिच्या हक्काची होती.

माणगावच्या तहसील कचेरीजवळ नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. आपल्याच जिल्ह्यातला गडी. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले. हे एकटे मशीनगनवर धावले. बॉम्ब टाकला, गोळ्या झाडल्या, आणि गोळ्या भरायला वेळ नव्हता तेव्हा बंदूक नळीला धरून दस्त्यानं लढले. तिथंच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणानंतर. त्यांची कबर नाही, समाधी नाही. कॅसिनोच्या स्मारकावर चार हजारांवर नावं आहेत, त्यात त्यांचं एक. एवढा मोठा पराक्रम, पण तोसुद्धा कुणीतरी बघितला आणि सांगितला म्हणूनच जगाला कळला.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते 22 जुलै 2021 नंतर. तळीयेच्या कोंढाळकर वाडीवर डोंगर आला. ऐंशीवर माणसं गेली. चार दिवस चिखल उपसून शोध थांबला, आणि जे तीसेक जण सापडलेच नाहीत त्यांना मयत ठरवलं. कायद्यानं बेपत्ता माणसाला एरवी सात वर्षं वाट बघतात. इथं वाट कुणाची बघणार? त्या दुपारी कुठल्या घरात कोण होतं, कोण शेतावर गेलं होतं, कोण पाहुणं आलं होतं, हे उरलेल्यांनीच सांगायचं होतं. मुंबईला होता म्हणून वाचलेला एक पोरगा नाव सांगताना मधेच थांबला. म्हणाला, "ती माहेरी गेली होती का घरी, मला नक्की ठाऊक नाही. विचारून सांगतो."

मला हवालदार आबा आठवले. आमच्याकडं अजून अशी माणसं आहेत.