उलटसुलट विजेचें माप

एकदिश विजेच्या दाबास कसोटीचा दगड लवकर मिळाला. १८९३ सालीं निघालेला वेस्टनचा घट सुमारें १.०१८ व्होल्ट दाब वर्षानुवर्षें राखतो. उलटसुलट विजेस असा घट नाहीं. साध्या मापकाचा कांटा ती क्षणांत उजवीकडे, क्षणांत डावीकडे ओढते, आणि बिचारा जागचा हलत नाहीं. तोड मात्र १८४१ सालींच निघाली होती. तारेची उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढते, असें जूलनें दाखविलें. आणि वर्गाला दिशा नसते! त्यावरून तप्त तारेचीं मापकें झालीं.

पुढें रेक्टिफायरचीं स्वस्त मापकें घरोघरीं आलीं. तीं मोजतात सरासरी, आणि दाखवितात तिची १.११ पट. तरंग शुद्ध ज्या-वक्राचा असेल तोंवरच हा हिशेब खरा. चौकोनी तरंगावर तीं ११ टक्के अधिक दाखवितात. आंकड्यावर विसंबणारा येथेंच फसतो.

घरीं पडताळा घेणाऱ्यानें जूललाच शरण जावें. १२ व्होल्टांचा तंतुदीप प्रथम बॅटरीवर लावून तिचा दाब खात्रीच्या मापकानें टिपावा. मग तोच दीप ट्रान्सफॉर्मरवरील उलटसुलट विजेवर तितकाच उजळवावा. शेजारीं तुलनेस दुसरा स्थिर दीप हवा, कारण डोळ्याची आठवण फार कच्ची. प्रकाश जुळला कीं दोन्ही दाब परिणामानें सारखे. मग मापक कांहींही सांगो.