मेणाची गोळी आणि उमेदवाराचा खर्च

निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मतपेटी उभी राहते आणि बोटावरची शाई आठवते. मी व्यवसायाने शिक्षक असल्यामुळे मतदान केंद्रावर बसण्याचे काम माझ्या वाट्याला अनेकदा आले आहे. त्या टेबलामागून पाहिले असता निवडणूक मोठी स्वच्छ, शिस्तीची आणि काहीशी कंटाळवाणी दिसते. परंतु मतदार त्या टेबलापर्यंत येण्यापूर्वी जे पंधरा-वीस दिवस जातात, त्यांचा सारा हिशेब कोणत्याही वहीत उतरत नाही. त्या दिवसांविषयी मी आज बोलणार आहे. नगराच्या किंवा गावाच्या कारभारात शिरू पाहणाऱ्या माणसाने प्रचाराचा खर्च कोठून आणावा? स्वतःच्या खिशातून, मित्रांकडून, की सार्वजनिक तिजोरीतून?

प्रश्न आजचा वाटतो खरा. पण आपल्या गोमंतकात त्याला एक फार जुने उत्तर दिले गेले होते. ते उत्तर असे, की प्रचारच होऊ द्यायचा नाही.

१५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा शहर घेतले, आणि त्यानंतर तेथे लिस्बनच्या धर्तीवर नगरसभा उभी राहिली. तिला सेनादो द कामरा म्हणत. नगराचे रस्ते, बाजारभाव, वजनेमापे, सणांच्या मिरवणुका अशी अनेक कामे तिच्याकडे असत. या सभेचे अधिकारी निवडण्याची रीत मोठी मनोरंजक होती. दर तीन वर्षांनी शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ एकत्र जमत. पोर्तुगीज भाषेत त्यांना ‘चांगली माणसे’ असेच नाव होते. ते आपल्यातून सहा जण निवडीत. त्या सहांच्या दोन-दोनांच्या जोड्या करून त्यांना वेगवेगळे बसवीत, आणि प्रत्येक जोडी पुढील तीन वर्षांसाठी योग्य माणसांची यादी तयार करी. याद्या ताडून पाहिल्यावर नावांच्या चिठ्ठ्या मेणाच्या गोळ्यांत बंद करण्यात येत. गोळीला पेलोरु म्हणत. या गोळ्या कुलपांच्या पेटीत जात आणि पेटीच्या किल्ल्या वेगवेगळ्या हातांत राहत. वर्ष बदलण्याच्या सुमारास पेटी उघडून एका लहान मुलाला तीत हात घालायला सांगत. मुलाचे वय सातच्या आत असावे असा दंडक होता. त्याने जी गोळी काढली, तिच्यातील माणसे त्या वर्षाचे कारभारी.

चिठ्ठी टाकून अधिकारी नेमण्यात त्या काळी कोणाला गैर वाटत नसे. यहूदाची रिकामी जागा भरताना प्रेषितांनीही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या आणि मत्थियाची निवड झाली होती, हे आम्ही शुभवर्तमान मानणारे लोक लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि ही केवळ ख्रिस्ती जगाची रीत होती असेही नाही. तमिळ देशातील उत्तरमेरूर येथे पहिल्या परांतक चोळाच्या काळचे, म्हणजे इ. स. ९२० च्या सुमाराचे, शिलालेख आहेत. तेथेही ताडपत्रावरील नावे मडक्यात टाकून एका बालकाकडून काढविली जात. दोन समुद्रांवरील दोन समाजांना लहान मुलाचाच हात भरवशाचा वाटला! उत्तरमेरूरच्या नियमांत आणखी एक गोष्ट होती, ती मला विशेष महत्त्वाची वाटते. ज्याने पूर्वी सभेचे काम करून हिशेब दिला नसेल, त्याचे नाव मडक्यात जात नसे, आणि त्याच्या आप्तांचेही नाही.

मेणाच्या गोळीला ना सभा लागत, ना जेवणावळी, ना भिंतीवरची अक्षरे. मात्र गोळीत नाव कोणाचे जाणार हे आधीच ठरलेले असे. पोर्तुगीज कुळीचा, मिळकतीचा, ‘चांगल्या माणसांच्या’ ओळखीचा जो असेल, त्याचेच. शहरात जे बहुसंख्य होते, ते हिंदू आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेले लोक, यांच्या नावाला त्या गोळीपर्यंत वाट नव्हती. (आमचे पेडणे महाल तर १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होते, तेव्हा आमच्या पूर्वजांनी ही गोळी पाहिलीही नसेल.) खर्च नव्हता, कारण स्पर्धा नव्हती, आणि स्पर्धा नव्हती, कारण दार बंद होते.

दार थोडे उघडले आणि खर्च आत आला. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालमध्ये घटनात्मक राज्य आल्यावर गोव्यातही कोर्तेसच्या आणि नगरपालिकांच्या निवडणुका होऊ लागल्या. मतदार थोडे, पण चुरस मोठी. मडगावच्या कोस्ता घराण्यातील बेर्नार्दु फ्रांसिश्कु द कोस्ता यांनी १८५९ मध्ये ‘उल्त्रामार’ हे वृत्तपत्र काढले. त्यानंतर १८६१ मध्ये ‘आ इंडिया पोर्तुगेझा’ निघाले आणि पुढे ते विरुद्ध बाजूचे मुखपत्र झाले. एका बाजूस उल्त्रामारिनु पक्ष, दुसऱ्या बाजूस जुझे इनासिउ द लोयोला यांचा इंडियानु पक्ष. छापखाना, कागद, माणसे हा सारा खर्च उचलणारी श्रीमंत घराणी मागे उभी होती, म्हणून हे पक्ष चालले. सरकारी अधिकाऱ्यांचा कल ज्या बाजूला असेल, ती बाजू अधिक बलवान होत असे. अखेर २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगाव येथे नगरपालिकेच्या मतदानाच्या वेळी चर्चसमोरील चौकात जमलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि अनेक माणसे प्राणास मुकली. लोयोला यांना ब्रिटिश मुलुखात आश्रय घ्यावा लागला. त्या दिवसावर लोकांनी मांडो रचला आणि तो आजतागायत गायिला जातो. एका तालुक्याच्या नगरपालिकेच्या जागांसाठी हे घडले, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘स्थानिक निवडणुकीत काय एवढे’ असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

त्याच सुमारास मुंबईतही नगरसभा होती. १८७२ च्या कायद्याने तिच्या ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावेत असे ठरले. मतदार म्हणजे ठरावीक रकमेवर कर भरणारा माणूस. अशा मोजक्या मतदारांना उमेदवाराने घरी जाऊन भेटणे शक्य होते. प्रौढ मताधिकाराने मुंबईची पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. चाळीचाळींतून लाखो माणसे मतदार झाली, ही फार मोठी गोष्ट होती. पण लाखो माणसांपर्यंत आपले म्हणणे पोहोचविण्याची किंमतही त्याच दिवशी उमेदवाराच्या अंगावर आली. ती कोणी द्यावी, याचा विचार त्या वेळी झाला नाही.

येथे एक गोष्ट आपण सहसा विसरतो. निवडणुकीचा बराच खर्च आज सार्वजनिक तिजोरीच करते. याद्या सरकार छापते, केंद्रे सरकार उभारते, आम्हा शिक्षकांना भत्ता सरकार देते. हे पूर्वापार असे नव्हते. ब्रिटनमध्ये १९१८ पर्यंत मतदान घेण्याचा सरकारी खर्चसुद्धा उमेदवारांकडून वसूल करीत, आणि १९११ पर्यंत तेथील लोकसभेच्या सभासदाला वेतन नव्हते. त्यामुळे गरिबाने उभे राहायचे म्हटले तरी कसे राहावे? १८८३ मध्ये त्यांनी उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घातली, आणि मर्यादेची ती कल्पना आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात उतरली. उमेदवाराने हिशेब द्यावा, मर्यादा ओलांडू नये. न दिल्यास तो अपात्र ठरू शकतो. येथे मला उत्तरमेरूरचा शिलालेख पुन्हा आठवतो.

मर्यादेला मात्र लौकरच भगदाड पडले. कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पक्षाने उमेदवारासाठी त्याच्या संमतीने केलेला खर्च त्याच्याच खात्यावर धरावा. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि पक्षाचा खर्च त्या हिशेबातून वगळला गेला. पुढे २००३ मध्ये ती सवलत आखडण्यात आली, पण पक्षाच्या एकूण खर्चाला कमाल मर्यादा अशी नाहीच. सरकारी मदतीची कल्पनाही मधूनमधून डोके वर काढीत राहिली. १९७७ पासून राजकीय पक्षांना आकाशवाणीवरून विनामूल्य बोलू देण्यात येऊ लागले. १९९८ मध्ये इंद्रजित गुप्त यांच्या समितीने शिफारस केली, की सरकारने मदत द्यावी, रोकड नव्हे तर वस्तुरूपाने, आणि फक्त मान्यताप्राप्त पक्षांना, अपक्षांना नको. मग २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले, देणाऱ्याचे नाव झाकून. ते १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले.

इंद्रजित गुप्त हे साधे राहणारे, सचोटीचे गृहस्थ होते आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण ही शिफारस लोकसभेकडे आणि विधानसभेकडे पाहून केलेली आहे. आमच्या गोव्यात पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक उमेदवार एकटाच. तेव्हा फक्त पक्षाला मदत देणाऱ्या योजनेचा एक कागदही आमच्या प्रभागात पोहोचणार नाही.

नगराच्या पातळीवर हा प्रयोग ज्यांनी केला, ती शहरे अमेरिकेत आहेत. न्यूयॉर्क येथे १९८६ मध्ये मोटारी उभ्या करण्याच्या दंडवसुलीच्या खात्यात लाचलुचपतीचे मोठे प्रकरण उघडकीस आले. शहर हादरले, आणि १९८८ मध्ये कायदा झाला. त्याचे तत्त्व असे : शहरातील सामान्य रहिवाशाने उमेदवाराला छोटी देणगी दिली, तर नगराची तिजोरी तिच्यात भर घालील. प्रारंभी डॉलरला डॉलर अशी भर होती. २०१८ च्या लोकमतानंतर ती डॉलरला आठ डॉलरपर्यंत गेली. म्हणजे एखाद्या आजीने दहा डॉलर दिले तर उमेदवाराच्या हाती नव्वद पडतात. बदल्यात उमेदवाराने खर्चाची मर्यादा मानायची आणि पै-पैचा हिशेब तपासू द्यायचा. शिवाय पुरेशा माणसांनी आधी स्वतःचे पैसे दिलेले असले पाहिजेत, नुसते नाव नोंदवून सरकारी पैसा मिळत नाही. सिअ‍ॅटल शहराने २०१५ च्या लोकमताने आणखी वेगळी वाट काढली. तेथे प्रत्येक मतदाराला पंचवीस डॉलरांच्या चार पावत्या मिळतात. त्या त्याने हव्या त्या उमेदवाराला द्याव्यात. पैसा मालमत्ता करातून येतो. २०१७ च्या निवडणुकीत त्या प्रथम वापरल्या गेल्या.

हे सारे गोड गोड झाले असे समजू नका. पोर्टलंड शहराने २००५ मध्ये अशीच योजना काढली. एका उमेदवाराने सार्वजनिक पैसा भलत्याच कामी लावला, त्याचा बोभाटा झाला, आणि २०१० मध्ये मतदारांनी थोड्या मतांनी योजना मोडीत काढली. काही वर्षांनी दुसऱ्या रूपात ती परत आणावी लागली. न्यूयॉर्कमध्येही योजनेत सामील होणे ऐच्छिक असल्यामुळे मायकेल ब्लूमबर्ग यांनी २००९ मध्ये पदरचे दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्चून महापौरपद राखले. स्वतःचा पैसा असलेल्याला ही व्यवस्था अडवू शकत नाही. दुसऱ्याच्या पैशावाचून ज्याचे अडते त्याला मात्र ती उभे करू शकते, आणि माझ्या मते तेवढेच तिच्याकडून मागावे.

आता आमच्या किनाऱ्याकडे येतो. ज्या गावात वाळूला लागून असलेली जमीन चौरस मीटरच्या हिशेबाने विकली जाते, तेथे बांधकामाच्या परवान्यावर सही करणाऱ्या पंचाच्या जागेला मोल येते. मग तिच्यासाठी खर्च करणारेही मिळतात, आणि सगळेच काही मतदार नसतात. आमच्या ओळखीचे एक रापणकार आहेत. पहाटे जाळे ओढणारा, वादात मध्यस्थी करणारा, कोणाचा पैसा न बुडविणारा माणूस. गावातील चार जणांनी त्यांना उभे राहण्याचा आग्रह केला. त्यांनी एका वहीच्या पानावर खर्च मांडला : फलक, पत्रके, संध्याकाळी कार्यकर्त्यांचे जेवण, बाहेरगावी कामाला असलेल्या मतदारांना आणण्यासाठी गाडी, कालोत्सवाची वर्गणी, फेस्ताची देणगी, फुटबॉल स्पर्धेचे बक्षीस. पान माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “मास्तर, हे पैसे मला एक जण द्यायला तयार आहे. पण मग सही करताना हात त्याचा असणार.” त्यांनी अर्ज भरला नाही.

त्या पानावरील अर्ध्याअधिक रकमा मुळात प्रचाराच्या नव्हेतच. त्या मतदाराला मिंधे करण्याच्या आहेत, आणि त्या सरकारने भराव्यात असे कोणीही म्हणणार नाही. त्या वगळल्या तर काय उरते? पत्रके आणि आपले म्हणणे मांडायला एक जागा. समजा, एका प्रभागात पाचशे मतदार आहेत आणि दरडोई वीस रुपये धरले, तर दहा हजार रुपये होतात. एवढ्यात सर्व उमेदवारांची माहिती आणि म्हणणे सांगणारी एक पुस्तिका घरोघर पोहोचेल. न्यूयॉर्कची नगरसंस्था अशी पुस्तिका काढते. गावच्या शाळेच्या सभागृहात सर्व उमेदवारांची एक सामाईक सभा घेता येईल, बाके तर आहेतच. पेडणे, डिचोली, साखळी येथील नगरपालिकांनाही हे अवघड नाही. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी या निवडणुकांसाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग निर्माण केला आहे, तेव्हा काम कोणाचे हेही शोधायला नको.

मी हे सारे त्या रापणकारांना ऐकविले. न्यूयॉर्क त्यांनी फारसे मनावर घेतले नाही. त्यांनी एवढेच विचारले, की सरकारी पुस्तिकेत त्यांचे म्हणणे देवनागरीत छापतील की रोमी लिपीत. आणि पुस्तिका निघणार असेल तर किती ओळी लिहून द्याव्या लागतील, कारण त्यांना लिहायला थोडा वेळ लागतो.