देशमुख–हंपी डाव, बातूमी (२०२५)

महिला बुद्धिबळ विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम लढतीतील निर्णायक डाव. तो २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातूमी येथे झाला. काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुख (जन्म ९ डिसेंबर २००५) यांनी त्यात कोनेरू हंपी यांना हरवले आणि हा विश्वचषक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

पार्श्वभूमी : स्पर्धेत देशमुख यांना पंधरावे मानांकन होते. झू जिनर, द्रोणवल्ली हरिका व माजी जगज्जेत्या तान झोंगयी यांना नमवून त्या अंतिम फेरीत आल्या. हंपी २००२ मध्ये, म्हणजे देशमुख यांच्या जन्माआधीच, ग्रँडमास्टर झाल्या होत्या. शिवाय २०१९ व २०२४ अशी दोनदा जलद प्रकारातील जगज्जेतेपदे त्यांच्या नावावर होती. अंतिम लढतीतील दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटल्याने निकाल जलद टायब्रेकवर गेला. त्यात प्रत्येक खेळाडूला १५ मिनिटे व दर चालीमागे १० सेकंद मिळत. पहिल्या जलद डावात पांढरी मोहरी देशमुख यांच्याकडे होती. तोही बरोबरीत सुटला.

डाव : दुसऱ्या डावात हंपी यांनी पांढऱ्या मोहऱ्यांनी कॅटलन पद्धतीची सुरुवात केली. या पद्धतीत पांढऱ्याचा राजाच्या बाजूचा उंट जी-२ घरात बसून लांब कर्णावर दाब ठेवतो. पहिली चाल पांढऱ्याची असल्याने काळ्याला सहसा आधी बरोबरी साधावी लागते. येथे बरोबरी झाली असती, तर लढत आणखी कमी वेळेच्या डावांवर गेली असती. मध्यडाव समतोल राहिला. चाळिसाव्या चालीच्या सुमारास हंपी यांनी मोहरी मोकळी करण्यासाठी प्यादे दिले. पुरेसा मोबदला मात्र मिळाला नाही. घड्याळाचा ताण वाढत असताना अंत्यडावात देशमुख यांचीही पकड काही वेळ सुटली. मिळालेली संधी हंपी यांना साधता आली नाही आणि ७५ चालींनंतर त्यांनी डाव सोडला. लढतीचा निकाल २.५–१.५ लागला.

परिणाम : विजेतीला मिळणाऱ्या थेट किताबामुळे देशमुख एकही ग्रँडमास्टर नॉर्म नसताना भारताच्या ८८व्या ग्रँडमास्टर झाल्या. भारतीय महिलांत त्या चौथ्या, महाराष्ट्रातील महिलांत पहिल्या होत. नागपूरच्या रौनक साधवानी व संकल्प गुप्ता यांनी हा किताब त्याआधी मिळवला होता. देशमुख व हंपी दोघीही २०२६ च्या महिला आव्हानवीर स्पर्धेसाठी पात्र ठरल्या.