उपऱ्यांच्या बाजूचा कॅमेरा

मे 2008 मध्ये दक्षिण आफ्रिकेत परदेशी मजुरांवर हल्ले सुरू झाले. जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत ठिणगी पडली आणि पाहता पाहता 60 हून जास्त माणसं मारली गेली. एर्नेस्टो न्यामुआवे या मोझांबिकच्या मजुराला जमावाने जिवंत जाळलं. तिथले माहितीपटकार मग ‘फिल्ममेकर्स अगेन्स्ट रेसिझम’ या नावाने एकत्र आले आणि त्यांनी झपाट्याने छोटे माहितीपट केले. जळणाऱ्या माणसाचा फोटो जगाने पाहिला होता, पण तो माणूस कोण, हे अ‍ॅडझे उगा यांनी ‘द बर्निंग मॅन’मध्ये शोधलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात रेल्वेभरतीच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी बदडलं. तोवर उपऱ्यांच्या बाजूने कॅमेरा धरण्याची वाट आपल्याकडे चांगली मळलेली होती. तिचा माग काढत गेलं की आपण 1981 च्या पावसाळ्यात पोचतो.

त्या जुलैत मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून मूळ गावी धाडायचं ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस खटला म्हणून ते आज ओळखलं जातं. त्यातले एक अर्जदार संगमनेरचे. गावात चांभारकी करून दिवसाला 7-8 रुपये मिळायचे. राहतं घर पडलं म्हणून 1969 मध्ये मुंबई गाठली, महिना 350 रुपयांवर बदली कामगार झाले. तुळशीवाडीच्या फुटपाथवर निवारा मिळावा म्हणून तिथल्या गुंडाला त्यांनी 300 रुपये मोजले होते. निकालपत्रातला हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्राच्या राजधानीतून हाकलले जाणारे हे गृहस्थ नगर जिल्ह्यातले, मराठी होते. उपरा कोण, हे ठरताना भाषा मागाहून येते. आधी गरिबी पाहिली जाते.

1985 मध्ये निकाल लागला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे न्यायालयाने मान्य केलं, पण झोपड्या हटवायला आडकाठी केली नाही. त्याच वर्षी आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ आला. त्यात झोपडी गमावलेली एक बाई पटवर्धनांनाच फैलावर घेते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला त्याचं काय, असा तिचा रोख आहे. दिग्दर्शकाने तो प्रसंग कापला नाही, आणि माझ्या मते या परंपरेचा कणा तिथेच तयार झाला.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींनंतर पाळी आली वांद्र्याच्या बेहरामपाड्याची. दलदल बुजवून वसलेली ही वस्ती ‘बांगलादेशी’ म्हणून बदनाम केली गेली. मधुश्री दत्ता यांनी तिथे जाऊन ‘आय लिव्ह इन बेहरामपाडा’ केला. ही माणसं कुठून आली, कशी वसली, हे त्यांच्याच तोंडून ऐकता आलं.

हे झाले एकेकट्याने केलेले प्रयत्न. एकजूट झाली ती 2003-04 मध्ये. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचा दाखला सक्तीचा करण्याचा घाट सरकारने घातला. देशभरच्या माहितीपटकारांनी बहिष्काराची भाषा केल्यावर तो मागे घ्यावा लागला. मग निवडीतच चाळणी लागली. गुजरातच्या 2002 च्या हिंसाचारावरचा राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ वगळला गेला. फेब्रुवारी 2004 मध्ये महोत्सव प्रभादेवीला भरला, तेव्हा समोरच भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाचा दुसरा महोत्सव उभा राहिला. पुढे सेन्सॉर बोर्डाने ‘फायनल सोल्यूशन’वर बंदी घातली, तर शर्मांनी त्याच्या सीडी फुकट वाटल्या. अट एकच होती, घेणाऱ्याने आणखी पाच प्रती काढून वाटायच्या. ऑक्टोबरात बंदी उठली.

ही वाट बारामती-इंदापूरपर्यंत यायला हवी, कारण हा मुलूख बाहेरून आलेल्यांनीच घडवलाय. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहू लागला आणि त्या पाण्यामागे सासवडचे माळी बागायतीला आले. कळंबच्या माळावर सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर वसवलं. आज बारामती एमआयडीसीत पियाजिओ आणि फेरेरो या इटलीच्या कंपन्या आहेत. त्यांना कुणी परकं म्हणत नाही, म्हणूही नये. पण खोली भाड्याने मागणारा बिहारचा पोरगा ‘भैय्या’ असतो. आणि गळीत हंगामात बीडकडून येणारी ऊसतोड टोळी? तिची भाषा मराठी, पांडुरंगही तोच. तरी ती गावाबाहेर कोप्यांत राहते, पाण्यासाठी हंडे घेऊन दुसऱ्याच्या विहिरीवर जाते, आणि कुठे चोरी झाली की पहिला संशय तिच्यावर येतो. नवरा-बायको मिळून इथे ‘एक कोयता’ मोजला जातो. त्या बाईचं नाव मुकादमाच्या वहीत नसतं.

भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांवर दरवर्षी मोळी टाकण्याचा कार्यक्रम होतो, मंडप पडतो, भाषणं होतात. त्याच मंडपात संध्याकाळी पडदा लावून ‘हमारा शहर’ दाखवावा. पुढच्या रांगेत संचालकांच्या शेजारी टोळीतल्या बायकांना बसवावं, आणि चित्रपट संपला की माइक आधी त्यांच्या हातात द्यावा.