दशी आणि गोंडा

आपल्याकडे महावस्त्रांचा इतिहास लिहिला गेला आहे. पैठणीवर ग्रंथ झाले, शालूवर लेख झाले, पागोट्यांच्या घाटांचीही चर्चा झाली. परंतु वस्त्र मागावरून उतरल्यावर जो सुताचा तुकडा मागे राहतो, त्याची बखर कोणी लिहिली नाही. ताण्याचा शेवटचा हातभर भाग विणता येत नाही. फणीपाशी धोट्याला फिरायला वाट उरत नाही. मग विणकर ते कापतो आणि ते सूत मोकळे लोंबत राहते. या मोकळ्या टोकांना आपण दशी म्हणतो. शब्द संस्कृतातल्या ‘दशा’वरून आला. या एका शब्दाला वस्त्राची किनारीची सुते, दिव्याची वात आणि माणसाची अवस्था असे तिन्ही अर्थ आहेत. उरलेल्या सुताची वात होते आणि वातीवरून माणसाची दशा कळते, एवढे तत्त्वज्ञान आपल्या पूर्वजांनी एका शब्दात साठवून ठेवले, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

बीड जिल्ह्यात वस्त्राचा मान मोठा आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले ‘पंचीकरण’ कागदावर नव्हे, तर पासोडीवर लिहिले. ती लांबलचक पासोडी आजही त्या गावात जपलेली आहे. पासोडी म्हणजे गरिबाने थंडीत अंगावर घेण्याचे जाडेभरडे वस्त्र. ज्या मुलखात अशा वस्त्राला पोथीचे भाग्य लाभले, तेथे उरलेल्या सुताला काय लाभले, हे शोधण्याचा मी गेली काही वर्षे प्रयत्न करीत आहे.

पहिला पुरावा देवघरात सापडतो. भाद्रपदात मराठवाड्यात महालक्ष्म्या बसतात. त्यांच्यासाठी बायका कापूस बोटांनी ओढून, मधूनमधून कुंकवाची बोटे लावून वस्त्रमाळा करतात. त्यांना ना सुई लागते, ना माग. सोळा पदरांचा दोरा हळदीत बुडवून, त्याला गाठी मारून तोही पूजेत ठेवतात. शरद ऋतू उंबरठ्यावर असताना सुताने देव सजवायची ही रीत जुनी आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

दुसरा पुरावा गोठ्यात आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळायचे, शिंगे रंगवायची आणि कपाळावर गोंडा बांधायचा. गोंडा करणे अगदी सोपे. चार बोटांभोवती सूत गुंडाळायचे, मध्ये घट्ट आवळायचे, दोन्हीकडचे वेढे कापायचे आणि कात्रीने गोल करायचे. सूत कितीही तुटके असले तरी चालते; किंबहुना तुटके सूत खपवायला याहून चांगली युक्ती नाही. मोरकी आणि कासरा अंबाडीच्या वाखाचा. शोभा तेवढी उरलेल्या सुताची.

मग हा गोंडा गुलाबी आणि पोपटी कधी झाला? आमच्याकडच्या मेंढीची लोकर काळी व राठ. सणगर तिला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणतात. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची घोंगडी त्यांत श्रेष्ठ. पण काळ्या लोकरीवर रंग चढत नाही. इंग्लंडात पर्किन नावाच्या तरुणाने १८५६ साली डांबरापासून जांभळा रंग काढला, त्यामागोमाग इतर रंग निघाले, आणि रंगीत सूत स्वस्त झाले. १८९७ साली बार्शीची छोटी रेल्वे सुरू झाली आणि १९११ पर्यंत ती लातूरला पोचली. निजामाच्या राज्यातल्या बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. पण बार्शीच्या पेठेतला माल बैलगाडीने यायला किती दिवस लागणार? पोळ्याच्या गोंड्यावर चढलेला तो भडक गुलाबी रंग या वाटेने आला असावा, असा माझा तर्क आहे.

सुयांवरचे विणकाम आणि क्रोशा ही मात्र पाहुणी मंडळी. क्रोशा हा शब्दच फ्रेंच. शेजारच्या नगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे पडले. मिशनच्या मुलींच्या शाळांत अक्षरांबरोबर शिवण-विणकाम शिकवीत. तेथून ही कला मास्तरांच्या, कारकुनांच्या घरांत शिरली. घरोघर स्वेटर विणले जाऊ लागले आणि प्रत्येक स्वेटरमागे मूठभर लोकर उरू लागली. त्या मुठीतून दाराची तोरणे निघाली: हिरवी पाने आंब्याची, पिवळी फुले झेंडूची, मधोमध लाल गोंडा.

एवढ्यावर कोणी म्हणेल, ताजा झेंडू अंगणात असताना लोकरीचा झेंडू कशाला? मलाही हा प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर मला उसाच्या फडावर मिळाले.

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई अशा तालुक्यांतली गावे निम्मी रिकामी होतात. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, पुढे कारखाने वाढत गेले; १९७२ च्या दुष्काळाने या वाटेवर आणखी माणसे लोटली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायचे. यांची दिवाळी कोपीत होते. पाचटाने शाकारलेल्या एका कोपीच्या दाराशी मी लोकरीचे तोरण पाहिले. त्या बाईने ते लेकराच्या फाटक्या स्वेटरची लोकर उसवून केले होते. मी विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, “फुलाचं तिथंच टाकून यावं लागतं, दादा. हे गाठोड्यात मावतं.”

त्या वाक्याने माझा शोध मार्गी लागला. फुलांचे तोरण ज्याचे दार ठरलेले आहे त्याचे. ज्याचे दार दर साली बदलते, त्याला घडी घालून नेता येणारा सण लागतो. मेंढ्यांमागे फिरणारा धनगर, गाडीमागे चालणारा तोडकरी, यांचे दागिने म्हणूनच सुताचे. पोळ्याचा गोंडा बैलाच्या कपाळावर तसाच राहतो आणि दिवाळीला कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत जातो. गावचा सण परमुलखात नेणारा तो एकटा वऱ्हाडी.

आता ट्रॅक्टर वाढले आहेत, काही फडांत ऊस तोडणारी यंत्रे उतरली आहेत. बाजारात प्लास्टिकचे गोंडे मिळतात. बैल कमी झाले तर गोंडाही जाईल, याचे दुःख मी उगाच करीत नाही. कोयता खाली ठेवून माणसे आपल्या गावी राहिली, त्यांच्या दारात खरा झेंडू फुलला, तर लोकरीचे तोरण मोडीत निघाले तरी चालेल. पण दार तसेच बदलते राहिले आणि हातातले सूत मात्र गेले, तर? इतिहासाने वस्त्र जपले, दशी टाकून दिली. ती गोळा करून, जमेल तेवढी येथे बांधून ठेवली आहे.