उदास झाड, उतावळं बोंड

भाद्रपदात तेरड्याचं पिकलेलं बोंड चिमटीत धरून पाहा. दाबायचीही गरज पडत नाही. बोट लागलं की ते फटकन फुटतं, त्याच्या पाच फाकी आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि बिया दूर उडतात. मग त्याचं शास्त्रीय नाव वाचा: इम्पेशन्स बाल्सामिना. यातल्या पहिल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘उतावळा’. आपण तेरड्याचा रंग पाहिला, तो टिकत नाही हे पाहिलं आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ अशी म्हण केली. तिकडच्या नाव देणाऱ्यानं बोंडाकडे पाहिलं. झाड एकच, फक्त नजर दोन ठिकाणी पडली.

वर्गात ही नावं आम्ही घोकली. स्पेलिंग चुकलं की अर्धा गुण जाई; अर्थ मात्र कुणी विचारत नसे, आणि आम्हीही विचारला नाही. त्या अर्ध्या गुणाचा राग अजून पुरता गेलेला नाही, असं म्हणायला हरकत नाही. ग्रीक किंवा लॅटिन न येणाऱ्या, पण झाडांपाशी थांबणाऱ्या वाचकाला या नावांच्या आत नेणं, एवढाच या पुस्तकाचा खटाटोप.

व्यवस्था अगदी सोपी आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 साली ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव दिलं: आधी प्रजातीचं, मग जातीचं. मतदारयादीत आडनाव आधी येतं, तसंच. त्यापूर्वी एकेका झाडाचं नाव म्हणजे लॅटिनमधलं एक लांबलचक वाक्य असे. आजही वनस्पतींच्या नावांचा हिशेब याच ग्रंथापासून सुरू होतो.

आता पारिजातक. निक्टॅन्थिस आर्बर-ट्रिस्टिस. ‘निक्ट-’ म्हणजे रात्र आणि ‘अँथॉस’ म्हणजे फूल, हे दोन्ही शब्द ग्रीक. रात्रीचं फूल, इथवर सरळ आहे. पुढचे दोन शब्द लॅटिन, आणि त्यांचा अर्थ ‘उदास झाड’. हे उदासपण आलं कुठून? लिनियसच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी, 1563 साली, गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ छापला गेला. त्यात या झाडाला त्यानं उदास झाडच म्हटलं आहे आणि एक ऐकीव कथाही दिली आहे. पारिजातक नावाच्या सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली. सूर्यानं तिला टाकलं, तिनं जीव दिला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून त्याच्या फुलांना सूर्याचं तोंड पाहवत नाही. आपल्या घरी सत्यभामेच्या अंगणातलं झाड आणि रुक्मिणीच्या दारात पडणारी फुलं ही गोष्ट सांगतात. ती हेव्याची आहे. शास्त्रीय नावात मात्र राहिली ती दुसरी, दुःखाची. सकाळी देठं केशरी, पाकळ्या पांढऱ्या, असा सडा वेचताना मला आता दोन्ही आठवतात.

त्या ‘निक्ट’पाशी जरा थांबू. दिवसभर उपाशी राहून रात्री एकदा जेवणाऱ्या आजीबाई ‘नक्त’ करत. नक्त म्हणजे रात्र. ग्रीक ‘निक्ट-’, लॅटिन ‘नॉक्ट-’ आणि संस्कृत ‘नक्त’ ही एकाच घरातली भावंडं. पेंटा आणि पंच, हेप्टा आणि सप्त, ऑक्टो आणि अष्ट यांचंही तसंच. काही शब्द तर इथूनच तिकडे गेलेत. पिप्पलीचं ग्रीकमध्ये ‘पेपेरी’ झालं, लॅटिनमध्ये ‘पायपर’, आणि ते प्रजातीचं नाव होऊन परत आपल्या मिरीला आणि पिंपळीलाच चिकटलं. धोत्रा तर ‘दातुरा’ म्हणून जवळजवळ जसाच्या तसा उभा आहे. मराठी वाचक या भाषांच्या उंबऱ्याबाहेर नाही, तो ओसरीवर बसलेला आहे.

व्याकरणाला भिऊ नये. एकच गंमत सांगतो. आपल्याकडे वड-पिंपळ पुरुष आणि चिंच-बाभूळ बायका. रोमन लोक मात्र बहुतेक झाडांना स्त्रीलिंगी मानत. ‘फायकस’ला ‘-अस’ असा पुरुषी दिसणारा शेवट असूनही पिंपळ ‘रिलिजिओसा’ होतो तो यामुळेच. वडही त्याच प्रजातीतला. तेव्हा वटपौर्णिमेला ज्याला फेरे घालतात, तो लॅटिनमध्ये ‘ती’ आहे.

एक सावधगिरी हवी. नावाला वर्णन समजून बसू नये. ‘काक्टॉस’ हा प्राचीन ग्रीक लेखक थिओफ्रास्टसच्या लेखनातला शब्द सिसिलीतल्या एका काटेरी झुडपाचा. लिनियसनं तो अमेरिकेहून आलेल्या निवडुंगांना दिला. थिओफ्रास्टसनं निवडुंग कधी पाहिलेलाच नव्हता. पळसाचं पहिलं नाव ‘ब्युटिया’ हे ब्यूटचा अर्ल या ब्रिटिश उमरावावरून आलेलं, त्याचा पळसाशी काही संबंध नाही. दुसरं नाव ‘मोनोस्पर्मा’ मात्र खरं बोलतं. चपटी शेंग हातात घ्या, टोकाशी एकच बी लागते, तीच पळसपापडी. जुन्या पुस्तकांत याच झाडाला ‘फ्रॉन्डोसा’, म्हणजे पानांनी भरलेलं, म्हणत. आधी दिलेलं नाव ग्राह्य, या नियमानं ते मागे पडलं. ‘पळसाला पानं तीनच’ म्हणणारा आपला माणूसही पानांपाशीच थांबला होता.

आणि कारवी. स्ट्रोबिलॅन्थिस म्हणजे शंकूसारखा फुलोरा. काही अभ्यासकांनी तिला वेगळं काढून ‘कार्व्हिया’ अशी प्रजाती केली. म्हणजे ज्या काठ्यांनी सह्याद्रीतल्या झोपड्यांचे कुड उभे राहिले, त्यांचंच मराठी नाव लॅटिन शेपूट लावून. दोन्ही नावं तुम्हाला पुस्तकांत भेटतील. सात-आठ वर्षांनी डोंगर जांभळा व्हायची वेळ आली की फुलं उमलायच्या आधीच वर जा आणि कळ्यांचं ते चिकट, दाट कणीस हातात धरून पाहा.