आखाजी, १ मे आणि धोंड्याचा महिना



आज १ मे. सकाळपासून फोनवर दोन प्रकारचे मेसेज येताहेत. अर्धे महाराष्ट्र दिनाचे, अर्धे कामगार दिनाचे. कामगार दिनाच्या शुभेच्छा देणाऱ्यांत आमच्या शिवारातले एक मोठे बागायतदार आहेत. त्यांचा सालदार तेव्हा उन्हात धसकटं वेचत होता, बांधावरून जाताना मी पाहिला. हसायला आलं, पण फार नाही. कारण माझाही सालदार त्याच वेळी माझ्या रानात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता.

मग दुपारी निंबाखाली खाट टाकून बसलो आणि विचार करत राहिलो, हे 'दिन' येतात कुठून? उन्हाळ्यात तर त्यांची रांगच लागते. २२ एप्रिल वसुंधरा दिन, १ मे, २० मे मधमाशी दिन, ५ जून पर्यावरण दिन. प्रत्येकामागे कुणाची ना कुणाची सोय किंवा आठवण असते. वसुंधरा दिन १९७० साली अमेरिकेत गेलॉर्ड नेल्सन नावाच्या सिनेटरने सुरू केला. तारीख २२ एप्रिल का? तर कॉलेजच्या पोरांची वसंतातली सुट्टी संपलेली असते आणि परीक्षा लागायच्या असतात म्हणून. २० मे हा स्लोव्हेनियाच्या अँटोन यान्शाचा. अठराव्या शतकात मधमाशीपालन शिकवणारा माणूस, त्याच्या जन्माशी जोडलेला दिवस. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये ठराव केला. ५ जूनला १९७२ साली स्टॉकहोमची परिषद सुरू झाली होती. म्हणजे आकाशातून पडलेला यातला एकही नाही.

१ मेची गोष्ट जास्त मजेची. १८८४ साली अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी ठरवलं की १ मे १८८६ पासून आठ तासांचाच दिवस धरायचा. त्या दिवशी संप झाले, ४ मेला शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला, माणसं मेली, पुढे फाशीही झाली. १८८९ मध्ये पॅरिसच्या परिषदेने हा दिवस जगभर पाळायचा ठराव केला. आपल्या देशात तो पहिल्यांदा १९२३ साली मद्रासला सिंगारवेलू यांनी पाळला. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण मुळात १ मेच का निवडला? त्या काळी न्यूयॉर्कसारख्या शहरांत घरभाड्याचे करार १ मेला संपायचे. शहरभर गाड्यांवर बिऱ्हाडं लादलेली असायची. काही अभ्यासक म्हणतात, कामाचे करारही बऱ्याच ठिकाणी त्याच सुमाराला नवे व्हायचे, म्हणून ती तारीख धरली. नवा करार करतानाच नवी अट घालता येते, हे त्यामागचं साधं गणित.

हे वाचलं आणि मी खाटेवर उठून बसलो. अरे, ही तर आपली आखाजी!

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अक्षय तृतीयेला आम्ही खान्देशात आखाजी म्हणतो, आणि ती आमच्याकडे दिवाळीच्या तोडीची. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसते, पितरांची घागर भरतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. पुरुष मंडळी पत्ते कुटतात, त्याबद्दल न बोललेलं बरं. बहिणाबाईंनीही आखाजीवर कविता केली आहे. पण या सगळ्याच्या खाली आखाजीचा आणखी एक अर्थ आहे, तो पंचांगात सापडत नाही. त्या दिवशी सालदाराचं साल संपतं आणि नवं साल लागतं. मराठवाड्या-विदर्भाकडे सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, आमच्याकडे आखाजीला.

आखाजीच का, ते शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. गहू, हरभरा, दादर घरात आलेली असते, खळं उठलेलं असतं, हातात चार पैसे असतात. मृगाला महिना-दीड महिना असतो. हिशेब मिटवायला आणि माणूस जोडायला वर्षात यापेक्षा सोयीचा दिवस नाही. सरकारलाही पूर्वी तेच सोयीचं वाटत असावं. १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारचं हिशेबाचं वर्ष १ मे ते ३० एप्रिल असं होतं. मग विलायतेशी जुळवून घ्यायला १ एप्रिल केलं.

इथपर्यंत ठीक. पण आखाजीत एक खोच आहे, आणि ती मला वडिलांच्या वहीमुळे कळली.

आपण शेतकरी दोन पंचांगांवर जगतो. पेरणी नक्षत्रावर, म्हणजे सूर्यावर. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच निघतो. पण आखाजी तिथीवर, म्हणजे चंद्रावर. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात, म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालावा लागतो. आपला धोंड्याचा महिना. त्यामुळे एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंतचं 'साल' दरवर्षी सारखं नसतं. कॅलेंडर घेऊन मोजून बघा. २०२३ ची आखाजी २२ एप्रिलला होती (नेमका वसुंधरा दिन!), २०२४ ची १० मेला. मधले दिवस ३८४. पुढची ३० एप्रिल २०२५ ला. मधले दिवस ३५५. दोन्ही सालं, दोन्हींचा आकडा ठरलेला, पण एका सालात २९ दिवस जास्त. दोन साध्या सालांत सालदाराचे वीस-बावीस दिवस वाचतात, हेही खरं. पण हल्ली एकच माणूस सलग तीन सालं एका घरी टिकतो कुठे? ज्याच्या वाट्याला धोंड्याचं साल आलं, तो अडकला.

विलायतेतही असा घोळ झाला होता. १७५२ साली त्यांनी कॅलेंडर दुरुस्त करताना अकरा दिवस गाळले. पण सरकारी हिशेबाचं वर्ष पुढे सरकवून घेतलं, म्हणून त्यांचं करवर्ष आजही ६ एप्रिलसारख्या विचित्र तारखेला सुरू होतं. खजिन्याने स्वतःचे अकरा दिवस सोडले नाहीत. सालदाराचा महिना मात्र कुणी वहीत धरला नाही.

वडिलांची वही १९९६ ची. त्या वर्षी अधिक आषाढ होता. आमच्याकडे तेव्हा जे सालदार होते त्यांना आम्ही पोरं मामा म्हणायचो. साल नऊ हजार रोख, दोन पोती दादर, कपड्यांचा जोड, वहाणा, घोंगडी. मी तेव्हा शाळेत होतो. आषाढात एका संध्याकाळी मामा ओट्याच्या पायरीवर बसले आणि वडिलांना म्हणाले, "मालक, यंदा धोंडाना महिना कोना?"

वडील वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी जे सगळे मालक सांगायचे तेच सांगितलं, की साल आखाजी ते आखाजी, त्यात महिने मोजत नाहीत. मामा काही बोलले नाहीत. मामांच्या पोरीचं त्याच वर्षी लग्न झालेलं, हे मला फार नंतर उमगलं. पहिला धोंडा! जावयाला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, कपडे करायचे. म्हणजे ज्या महिन्याचा पैसा नाही त्याच महिन्यात खर्च दुप्पट. वहीत त्या तारखेला एवढंच आहे : 'धोंड्यासाठी उचल ५००'. आणि पुढच्या आखाजीच्या हिशेबात ती उचल वजा. नऊ हजाराला बाराने भागलं की महिन्याचे साडेसातशे होतात. मामांनी साडेसातशेचं काम फुकट केलं आणि त्याच महिन्यासाठी पाचशे कर्ज काढलं, आमच्याकडूनच.

या प्रश्नावर आपल्या भागात कुणी बोललंच नाही असं नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तिथे झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्याने मिळावी हे कलम होतं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात शेतीकाम आलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात, तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यात होता, अंबरसिंग महाराज आणि पुढे श्रमिक संघटनेने आदिवासींच्या जमिनींबरोबर सालदारांच्या मजुरीचाही प्रश्न लावून धरला. १९७६ च्या कायद्याने उचलीपोटी माणूस बांधून ठेवणं गुन्हा ठरलं. हे सगळं झालं, आणि तरी धोंड्याचा महिना जिथल्या तिथे. कारण तो कुठल्या कागदावर नव्हताच. तो ओट्यावरच्या बोलण्यात होता, आणि ओटा मालकाचा.

यंदा पुन्हा धोंडा आहे. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ. म्हणजे नुकतंच लागलेलं साल परत तेरा महिन्यांचं. आखाजीला आमच्या सालदाराशी एक लाख वीस हजारावर बोलणं झालं. तेरावा महिना मी स्वतःहून वेगळा धरला, दहा हजार. वहीत तसं लिहिलं, त्याला वाचून दाखवलं. बायको म्हणाली, चांगलं केलंत. चुलतभाऊ म्हणाला, "भाऊ, तू गावाचा भाव बिघाडी राह्यना." त्याचंही अगदी खोटं नाही. कापसाला काय भाव मिळतो ते आपण जाणतो, आणि कोरडवाहू पाच एकरवाल्याला दहा हजार म्हणजे बियाण्याचा मोठा वाटा. मी त्याला दोष देत नाही. फक्त एवढं म्हणालो की परवडत नसेल तर साल कमी ठरव, पण महिने मोजून ठरव.

सालदाराने मात्र मला वेगळंच विचारलं. म्हणाला, पैसे राहू द्या मालक, त्याऐवजी धोंड्यात आठ दिवस सुट्टी देता का, पोरगी सुरतला दिली आहे, जावयाला इथे यायला रजा मिळत नाही, आम्हीच वाण घेऊन जाऊ. मी म्हटलं, पैसेही घे आणि जाऊनही ये. म्हटलं खरं, पण अधिक ज्येष्ठ संपतो १५ जूनला, आणि मृग ७-८ लाच निघतो. पाऊस वेळेवर आला तर सरकी टोचायला माणूस लागेल. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन ये असं ठरलंय. गाडीचं तिकीट माझा पोरगा फोनवर बघतोय, सुट्ट्यांमुळे अजून वेटिंगच दाखवतंय.

तुमच्याकडे धोंड्याचा महिना कसा धरतात? रावेर-यावलकडे केळीच्या सालदारांचं, शिरपूर-साक्रीकडचं, मला माहीत करून घ्यायचं आहे. मालक आणि सालदार दोघांनीही लिहा.